मध्ये एकही थांबा नाही

३ ऑक्टोबर, मंगळवार

ताईचा फोन. तिच्या हृदयाची झडप बदलायची ठरली. तारीख सव्वीस. नळाचा वॉशर बदलायचाय अशा आवाजात सांगत होती. मग जरा थांबून म्हणाली, छोट्या, तू ये रे. मला आत नेतील तेव्हा दाराबाहेर आपलं माणूस हवं.

मी छप्पन्न वर्षांचा आहे. बस डेपोत मुख्य टाइमकीपर आहे. माझ्या सहीशिवाय एकही गाडी गेटाबाहेर पडत नाही. पण आई गेल्यावर ताईनेच मला वाढवलं, त्यामुळे छोट्या म्हणायचा तिला हक्क आहे. लग्न होऊन ती तिकडे गेली, नवरा गेल्यावरही तिथेच राहिली. मुलंबाळं नाहीत. तिच्याकडे जायचं गेली कित्येक वर्षं राहूनच जातंय. कामच तसं आहे.

लगेच म्हणालो, येतो. क्षणाचाही विचार केला नाही.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मध्ये समुद्र आहे.

४ ऑक्टोबर, बुधवार

एक गोष्ट नोंदवून ठेवतो. मला विमानाची भीती वाटत नाही. मी विमानात कधी बसलेलोच नाही, तेव्हा भीतीचा प्रश्न येतोच कुठे? फक्त तपासणी केल्याशिवाय मी नवा मार्ग सुरू करत नाही. डेपोत हीच माझी पद्धत. मार्ग नवा असला की आधी रिकामी गाडी घेऊन स्वतः पूर्ण रस्ता फिरायचा. गाडी कुठे बाजूला घेता येईल, पाणी कुठे, फोन कुठे, दवाखाना कुठे, सगळं लिहून आणायचं. मग वेळापत्रक.

तीच पद्धत इथे. जेवणाच्या टेबलावरचं बायकोचं कापड बाजूला सारून (ती घरी पडदे शिवते) नकाशाचं पुस्तक उघडलं. इथलं विमानतळ ते तिथलं विमानतळ, अंतर दोन हजार चारशे किलोमीटर. कंपनीच्या वेबसाइटवर दिलंय. रकाने आखले: थांबा, पाणी, फोन, दवाखाना.

चारही रकाने कोरे राहिले.

भिंग घेऊन पुन्हा पाहिलं. समुद्राच्या बरोबर मध्यावर एक ठिपका सापडला. फार हायसं वाटलं. बोट फिरवल्यावर निघून गेला. पावाचा कण होता.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

बायको परस्पर जाऊन दोघांची तिकिटं काढून आली, चोवीस तारखेची. तपासणी पूर्ण होईपर्यंत थांब म्हणालो होतो. म्हणाली, अहो, तुमची तपासणी होईपर्यंत ताई बऱ्या होऊन नाचायला लागतील.

तिकीट वाचलं. निघण्याची वेळ ९.१०. पोचण्याची वेळ ९.४०.

अर्धा तास. तीन वेळा वाचलं. आमच्या डेपोतून भाजी मंडईला जायला याहून जास्त वेळ लागतो. एवढ्याशा अंतराचा मी उगाच बाऊ केला होता. म्हणजे बाऊ नाही, विचार.

दुपारी छान झोप लागली. संध्याकाळी ताईला फोन करून सांगितलं, अर्ध्या तासाचा तर प्रवास आहे. ती म्हणाली, अरे वा, मग येताना सूप घेऊन ये, गरम राहील. ताईला माझं कौतुक आहे.

७ ऑक्टोबर, शनिवार

डेपोत सगळ्यांना सांगितलं. पाना म्हणून आमचा हेड मेकॅनिक आहे. स्वतःच्या लग्नातही त्याच्या खिशात पाना होता, तेव्हापासून हेच नाव. त्याने खडूने भिंतीवर हिशेब मांडला. अर्ध्या तासात दोन हजार चारशे, म्हणजे तासाला चार हजार आठशे. म्हणाला, साहेब, या स्पीडला रंगसुद्धा अंगावर राहणार नाही. मग म्हणाला, काचा पण. मग माझ्या तोंडाकडे बघून गप्प झाला. त्याचं ते गप्प होणं सगळ्यात वाईट.

अर्धी रजा टाकून घरी आलो. बायकोने कात्री खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, अहो, तिकडचं घड्याळ आपल्या तीन तास मागे आहे. तुम्हाला माहीत नव्हतं?

म्हणालो, माहीत होतं, तुला माहीत आहे का ते बघत होतो.

इतकी वर्षं मी एकाच घड्याळावर नोकरी केली. डेपोच्या भिंतीवर आहे ते. गाडी त्याच घड्याळावर सुटते आणि त्याच घड्याळावर पोचते. गाडी एका घड्याळावर सोडून दुसऱ्यावर पोचवायची, याला आमच्याकडे हेराफेरी म्हणतात.

साडेतीन तास. मध्ये एकही थांबा नाही.

९ ऑक्टोबर, सोमवार

परतीचं तिकीट तपासलं. तिकडून दुपारी २.०० ला सुटणार, इथे ७.५० ला पोचणार. घड्याळाची हेराफेरी वजा केली तर दोन तास पन्नास मिनिटं. जाताना साडेतीन तास. तेच विमान, तेच अंतर, आणि चाळीस मिनिटांचा फरक.

माझ्या डेपोत चाळीस मिनिटांचा फरक दाखवणाऱ्या ड्रायव्हरला मी समोर उभा करतो. कुठे होतास विचारतो. मेहुणीकडे असतो.

शिवाय वेबसाइटवरच्या नकाशात विमानाची रेघ सरळ नाही. चांगली धनुष्यासारखी वाकलेली आहे. दोन्ही बाबतीत कंपनीकडे लेखी खुलासा मागितला. भाषा सौम्य पण ठाम ठेवली.

पाय रात्रभर गार होते. पांघरूण आखूड झालंय बहुतेक.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

कंपनीच्या बाईंचं उत्तर आलं. जाताना वारा समोरून असतो, येताना मागून, म्हणून वेळेत फरक. आणि रेघ वाकडी दिसते कारण पृथ्वी गोल आहे. आपला प्रवास सुखाचा होवो.

पृथ्वी गोल आहे हे मला शाळेपासून माहीत आहे. माझा प्रश्न तो नव्हता. पण वारा? म्हणजे शेकडो माणसं बसलेल्या गाडीचं वेळापत्रक वारा ठरवतो, आणि हे त्या बाई मला सहीनिशी कळवतात.

उलट विचारलं, समोरचा वारा फारच वाढला तर विमान जागच्या जागी उभं राहतं का? उत्तर नाही. यातच काय ते समजावं.

संकल्प: या विषयावर आणखी काही वाचायचं नाही.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

वाचलं. नको होतं वाचायला.

१४ ऑक्टोबर, शनिवार

आजपासून सराव. दुरुस्तीला आलेल्या बसमध्ये शेवटच्या सीटवर बसलो, पट्टा म्हणून कमरेला दोर बांधला, डोळे मिटले. पानाला सांगितलं, इंजिन रेस कर, मी साडेतीन तास असाच बसणार.

अकराव्या मिनिटाला उतरलो. कारण डिझेलचा धूर. विमानात डिझेलचा धूर नसतो, तेव्हा उरलेला सराव करायची गरज नाही.

पाना म्हणाला, साहेब, गाडी हललीसुद्धा नव्हती. त्याला समजावलं की तीच तर अडचण होती.

१६ ऑक्टोबर, सोमवार

डॉक्टरांकडे गेलो. छातीत धडधडतं एवढंच सांगितलं, विमानाचा उल्लेख ओघात केला. त्यांनी धडधडीबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. उड्डाणाच्या तासभर आधी घ्या म्हणून गोळ्या दिल्या. त्यांचा काहीतरी गैरसमज झालाय. मी दूर केला नाही, बाहेर पेशंट खोळंबले होते.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

गोळीची चाचणी म्हणून सकाळी डेपोत एक घेतली. पुढचं पानाकडून कळलं. म्हणे मी दिवसभराच्या सगळ्या गाड्यांच्या कागदांवर दहा मिनिटांत सह्या केल्या, त्यात एका गाडीला इंजिनच नव्हतं. मग टायरच्या ढिगावर झोपलो. मॅनेजर येऊन बघून गेले. हसत होते की नाही हे पाना सांगत नाही.

गोळ्या कपाटात ठेवल्या. डोकं ताळ्यावर असलेलं बरं.

१८ ऑक्टोबर, बुधवार

भर दुपारी ताईचा फोन. दुपारी ती कधी फोन करत नाही. काय जेवलास, खोकला गेला का, असलं काहीबाही विचारत राहिली. मग म्हणाली, झोपच येत नाही रे छोट्या. माझं हृदय थोडा वेळ बंद ठेवणार आहेत म्हणे. मशीनवर चालवणार. आणि हसली.

तिला धीर द्यायचा होता. पण नेमकं तेव्हाच मी विमानातून बाहेर पडायच्या घसरगुंडीबद्दल वाचत होतो, म्हणून ती कशी फुगते ते सांगितलं. बराच वेळ सांगितलं. ती म्हणाली, बरं, ते राहू दे. तू येतोयस ना?

म्हणालो, तिकीट काढलंय की.

दोन्हीचा अर्थ एकच.

२१ ऑक्टोबर, शनिवार

मृत्युपत्र केलं. यात भीतीचा संबंध नाही, या वयात करतातच. सगळं बायकोच्या नावे. तिने वाचलं आणि म्हणाली, अहो, मी तुमच्या शेजारच्या सीटवर आहे.

हे ध्यानात आलं नव्हतं. मग सगळं पानाच्या नावे केलं. त्याला कळवलं. त्याने विचारलं, सायकल आत्ताच नेली तर चालेल का?

२२ ऑक्टोबर, रविवार

तिकिटाच्या दुकानातल्या बाईंना फोन केला. दाराजवळची सीट मागितली. त्या म्हणाल्या, कुठल्या दाराजवळची? म्हणालो, जे उघडतं त्याच्या. म्हणाल्या, वर गेल्यावर कुठलंच उघडत नाही हो काका. हे गिऱ्हाइकाला सांगायचं असतं का?

बोटीची चौकशी केली. मालवाहू बोट आहे, माणसंही घेतात. नऊ दिवस लागतात. आणि पुढची एक तारखेला सुटते. बायकोला म्हणालो, फक्त माहिती म्हणून सांगतोय. ती शिलाई मशीन चालवत राहिली. जरा वेळाने पाहिलं तर सुईखाली कापड नव्हतं.

२३ ऑक्टोबर, सोमवार

बॅगा भरल्या. बायको म्हणाली, उद्या मी जाणार आहे. तुम्ही आलात तर बरंच आहे, पण ताईंजवळ एक जण तरी हवं.

आलात तर? म्हणालो, हे ‘तर’ कुठून आलं? ताई माझी आहे. ती म्हणाली, म्हणूनच म्हणते.

संकल्प: उद्या तिला तोंडात बोट घालायला लावायचं.

२४ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी ६.००

मन अगदी शांत. बुटांच्या नाड्या चारदा बांधल्या, तेवढंच.

८.१५. विमानतळावर, आत, गेटासमोर. काचेतून विमान दिसतंय. वाटलं होतं त्यापेक्षा लहान आहे. वाटलं होतं त्यापेक्षा मोठंही आहे. चाकं फारच बारीक. पिवळं जाकीट घातलेला एक माणूस त्याच्याभोवती फेरी मारून गेला. नुसता बघत गेला. आमचे ड्रायव्हर निदान टायरला लाथ मारून बघतात.

हात गार पडलेत. इथे एसी जरा जास्तच ठेवतात.

८.४०. लोक रांगेत उभे राहिले. बायकोही उठली. तिला म्हणालो, तू हो पुढे, मी शेवटी चढतो. टाइमकीपरने सगळे प्रवासी बसल्यावर चढायचं, हा नियमच आहे. तिने माझ्याकडे पाहिलं. माझं तिकीट माझ्या हातात दिलं. शर्टाचं वरचं बटण लावून दिलं. मग म्हणाली, ताईंना काय सांगू तेवढं सांगा.

म्हणालो, येतोय म्हणून सांग.

गेली. मागे वळून पाहिलं नाही. तिथे वळण आहे, पाहिलं असतं तरी दिसलं नसतं.

८.५८. रांग संपली. स्पीकरवर माझं नाव पुकारतायत. उच्चार बरोबर केला. पायांना मुंग्या आल्यात. त्या जायची वाट बघतोय.

९.०४. गेटवरची मुलगी स्वतः आली. म्हणाली, सर, तुम्हीच ना? तुमच्यासाठी थांबलोय. म्हणालो, नाही, मी तपासणीला आलोय. ती म्हणाली, सर, तुमच्या हातात तिकीट आहे. मी हाताकडे पाहिलं. होतं. घामाने त्याची सुरळी झाली होती.

९.१३. सुटलं. तीन मिनिटं उशीर. नोंद केली.

२४ ऑक्टोबर, संध्याकाळी

पायांना मुंग्या येणं हे रक्ताभिसरणाशी संबंधित आहे. त्याला मी काय करणार?

बायको सुखरूप पोचली. फोनवर एवढंच म्हणाली, पोचले. मी म्हणालो, पायांचं असं झालं की... ती म्हणाली, हो.

संकल्प: उद्याच्या विमानाने जायचं. उद्या पोचलो तरी वेळेतच. पुन्हा तिकीट काढायला दुकानापर्यंत गेलो. गर्दी होती. समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो. गर्दी म्हणजे एक बाई होत्या. त्या गेल्यावर मीही घरी आलो. सकाळी विमानतळावरच तिकीट मिळतं म्हणे.

२५ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी बसने विमानतळावर. दार आपोआप उघडतं तिथलं. मी समोर उभा राहिलो, उघडलं. जरा वेळाने मिटलं. पुन्हा उघडलं. आतला गार वारा तोंडावर आला. मागच्या लोकांना अडचण नको म्हणून बाजूला झालो.

तिथून शहरात जाणाऱ्या बसच्या वेळा फार अनियमित आहेत. दोन तास बसून सगळ्या टिपल्या, सुधारित वेळापत्रक करून ड्रायव्हरला दिलं. त्याने आभार मानले. म्हणजे फेरी अगदी वाया गेली नाही.

विमान डोक्यावरून गेलं तेव्हा मी बसस्टॉपच्या पत्र्याखाली होतो. पत्र्याखालीही मान खाली घातली.

दुपारी बायकोचा फोन. ताई सारखं विचारतायत म्हणाली. म्हणालो, विमान भरलेलं होतं म्हणून सांग. ती म्हणाली, मी त्यांना सांगितलंय की तुम्ही आलात. सर्दी झालीय म्हणून वॉर्डात सोडत नाहीत, बाहेर बाकावर बसलेत. उद्या आत नेतील तेव्हाही बाहेरच असाल. म्हणाली, मला याहून बरं काही सुचलं नाही.

कारण चांगलं आहे. मला सुचलं नसतं.

रात्री जेवलो नाही. सर्दी झाल्यासारखं वाटतंय.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

रजा टाकली. स्वयंपाकघरात बसून आहे. फोन टेबलावर. तो चालू आहे की नाही हे बघायला दोनदा शेजाऱ्यांना फोन लावायला लावला. त्या गडबडीत बायकोचा फोन आला असता तर, म्हणून तेही बंद केलं.

ताईला आत नेलं असणार. तिकडचं घड्याळ मागे, म्हणजे अजून नेलं नसेल. वजाबाकी करतो आणि पुन्हा चुकते. आयुष्यात कधी चुकली नाही.

पाना डेपोतून आला. खुर्ची ओढून बसला. खिशातला पाना काढून हातात फिरवत राहिला. म्हणाला, झडप बदलणं काही विशेष नसतं साहेब, मी शेकड्याने बदलल्यात. मग म्हणाला, म्हणजे गाडीच्या. मग उठून कोणी न सांगता सिंकमधली भांडी घासली. जाताना म्हणाला, सायकल परत आणून ठेवलीय.

दुसरं काही लिहायचं नाही. भीती वाटते. विमानाची म्हणत नाही.

दुपारी उशिरा बायकोचा फोन. झालं. झडप बसली. हृदय पुन्हा आपलं आपण चालू लागलं असं डॉक्टर म्हणाले. बायको रडत होती, मला आधी वाटलं की...

आता लिहवत नाही.

२८ ऑक्टोबर, शनिवार

ताई स्वतः बोलली. आवाज बारीक, पण तिचाच.

बायकोने काल तिला सगळं खरं सांगून टाकलं होतं. तरीही मी पायांना मुंग्या आल्या तिथून सुरुवात केली. ती म्हणाली, हसवू नकोस रे, टाके दुखतात.

मग म्हणाली, मला आधीच माहीत होतं. खाटेवरून आत नेत होते तेव्हा तुझी बायको शेजारून चालत होती, म्हणत होती, ते बघा, काचेपलीकडे बसलेत. मी चष्म्याशिवाय काय बघणार? दाराशी पोचेपर्यंत कान लावून होते. सगळं कसं शांत. तू असतास तर एव्हाना डॉक्टरला, नर्सला आणि खाट ढकलणाऱ्याला, तिघांनाही विचारून झालं असतं, किती वेळ लागेल म्हणून.

खरं आहे ते. मी विचारलं असतं.